पोटातले दात

(आदिलाबाद, मार्च १९९८. एका खासगी स्कॅन सेंटरमधली कॉम्प्युटरची खोली. दुपार. पेशंट शेजारच्या खोलीत पडलेली आहे, मधलं दार अर्धं उघडं.)

वामनराव : मी सही देत नाही म्हटलं ना जी, डॉक्टरसाब. आधी दाखवा, मंग बोला.

मोतीराम : मी डॉक्टर नाही. मशीन चालवतो. डॉक्टर समोरच्या दवाखान्यात ऑपरेशनची तयारी करून बसलेत. त्यांनीच सांगितलं, नवऱ्याला चित्र दाखव, डोळ्यांनी पाहिलं की सही करेल. म्हणून तुम्हाला आत घेतलं. बसा.

वामनराव : दोन दिवसापासून उलट्या करून राह्यली माही बायको. पोटाले हात लावू देत नाही. तो सोनोग्राफीवाला म्हणते, गाठ हाय. गाठ हाय हे मले बी मालूम हाय. पण पोट फाडाचं म्हणजे काय पोतं उसवाचं हाय?

मोतीराम : गाठीला पीळ बसलाय, असं डॉक्टरांना वाटतं. पीळ बसला की रक्त तुटतं, गाठ आतल्या आत सडते. संध्याकाळच्या आत पोट उघडलं नाही तर बाई हातची जाईल.

वामनराव : आन् हे तुमचं डबडं काय करून राह्यलं? कवापासून नुसतं घरघर.

मोतीराम : मशीननं पोटाचे फोटो काढले, पातळ चकत्या केल्यासारखे. एकशे चाळीस चकत्या आहेत. आता कॉम्प्युटर त्या एकावर एक रचून राह्यला, भाकरीची चवड रचावी तशा. रचून झाल्या की पोट पुन्हा उभं राहतं. मग हा माऊस हलवायचा आणि पाहिजे त्या बाजूनं फिरवून पाहायचं. वरून, खालून, पाठीमागून.

वामनराव : बाहेरून पाहाचं का आतून?

मोतीराम : दोन्ही. कातडी उतरवता येते, मास उतरवता येते. हाडं तेवढी ठेवता येतात. बाईला काही होत नाही, ती तिकडं पडली आहे. मी हैदराबादेत सहा महिने हेच शिकलो.

वामनराव : हुशार हाय तुमी. गाव कोणतं म्हणाले?

मोतीराम : म्हणालो नाही. इथंच, आदिलाबादजवळ मावल्याला राहतो.

वामनराव : आन् मूळचे?

मोतीराम : भीमपूरच्या पुढचा. पैनगंगेच्या अंगचा.

वामनराव : मंग आमच्याच भागातले निघाले की जी. कोणाचे तुमी?

मोतीराम : विठाबाईचा.

वामनराव : कोणती विठाबाई?

मोतीराम : तुमच्या गावात पारावर बसवून दात काढले अशा किती विठाबाया होत्या, वामनराव?

वामनराव : तू... तू मोत्या काय? बौद्धवाड्यातल्या विठीचा?

मोतीराम : एवढ्यात तू झालो. आत्ता डॉक्टरसाब होतो.

वामनराव : मले काय मालूम, तू इथं असशीन म्हून. दुसरा कोणी नाही काय हे मशीन चालवणारा?

मोतीराम : नागपूरला आहे. सहा तास लागतात. जायचं तर जा.

वामनराव : तुले आधीच समजलं होतं.

मोतीराम : सकाळी फॉर्मवर नाव वाचलं. रेणुकाबाई वामनराव. वाटलं, मशीन बिघडलं म्हणून सांगावं. कोणी विचारलं नसतं, ते नेहमीच बिघडते. मग म्हटलं, नाही. ज्या पोटापायी माझ्या मायचं तोंड फोडलं, त्या पोटात होतं काय, ते पाहू तर एकदा.

वामनराव : पंधरा वर्सं झाले त्या गोष्टीले.

मोतीराम : मोजली आहेत.

वामनराव : हे पाय, मी एकटा नव्हतो. माही बायको नवीन नवरी, पोट धरून लोळत होती. भगतानं सांगितलं, कोणी तरी भानामती केली. मंग पंच बसले. विठीचं नाव निंघालं. आन् दात काढले की तोंडातून मंतर निंघत नाही, हे आपल्याकडं लेकराले बी मालूम हाय. मी नवीन काय केलं?

मोतीराम : पकड कोणाची होती?

वामनराव : कायची पकड?

मोतीराम : लोखंडाची. तार पिळायची.

वामनराव : घरची होती.

मोतीराम : कोणाच्या हातात होती?

वामनराव : तुले काय मालूम? तू तर तवा आदिलाबादले होस्टेलात होता.

मोतीराम : रविवारी घरी गेलो. माय दाराकडं पाठ करून बसली होती, पदर तोंडावर. मला हाक मारायला गेली आणि माझं नाव तिच्या तोंडातून निघेना. तेव्हापासून ती मला बाप्पा म्हणते. नावानं हाक मारलीच नाही कधी. ठाण्यातला जमादार आला होता म्हणे. तुमच्याकडं चहा पिला, आमच्याकडं येऊन मायला म्हणाला, पडली असशील. आणि गेला.

वामनराव : तू आता काय करतं? बदला घेतं?

मोतीराम : अजून ठरवलं नाही. हे पाहा, झालं तयार.

वामनराव : हे काय हाय?

मोतीराम : तुमची बायको. गळ्यापासून मांडीपर्यंत नाही, फक्त पोट. कातडीसकट. फिरवतो. ही कंबर. ही बेंबी. आणि बेंबीखाली हे काय आहे? चार वळ. आडवे.

वामनराव : डाग हायत.

मोतीराम : कशाचे?

वामनराव : भगतानं देल्ले. विळा तापवून. पोटातलं बोललं पाह्यजे म्हून डाग देतेत.

मोतीराम : हे मला माहीत नव्हतं.

वामनराव : मंग. आमच्या घरी काय सुख चालू होतं काय?

मोतीराम : कातडी काढली. आता मास. तेही काढतो. राहिली हाडं. हा पाठीचा कणा, हे खुबे. आता नीट पाहा. दोन खुब्यांच्या मधात, डाव्या अंगाला. जिथं हाड नसतं तिथं.

वामनराव : पांढरं दिसून राह्यलं काई तरी. खडे हायत. मुतखडा.

मोतीराम : मुतखड्याला मूळ नसतं. थांबा, मोठं करतो. असं फिरवलं की... आता काय दिसतं?

वामनराव : नाही.

मोतीराम : काय दिसतं?

वामनराव : हे खोटं हाय. तू काई तरी केलं मशीनीत.

मोतीराम : मी बटन दाबलं, वामनराव. पोट तुमच्या घरचं आहे. बोला, काय आहे ते?

वामनराव : दात.

मोतीराम : मोजा.

वामनराव : मले नाही मोजाचे.

मोतीराम : मी फिरवतो, तुम्ही मोजा. हा एक. याच्या मागं एक.

वामनराव : तीन. च्यार. हा पाच.

मोतीराम : पाच. माझ्या मायचे किती काढले होते?

वामनराव : ध्यानात नाही आता.

मोतीराम : आठवा.

वामनराव : नाही ना आठवत.

मोतीराम : सात. वरचे चार, खालचे तीन. ज्यानं काढले त्याच्या ध्यानात नाही. ठीक आहे.

वामनराव : मंग हे... हे तिचेच? पोटात कसे गेले? आमी तर पारामागं पुरले होते ते.

मोतीराम : पुरले होते?

वामनराव : भगतानंच पुरले. निंबाखाली. आन् बाकीचे? सात म्हणतं तू. हे तर पाचच हायत. दोन कोठी हायत?

मोतीराम : शोधावे लागतील. मशीन मोकळंच आहे. झोपता काय तुम्ही? वीस मिनिटं लागतात. तुमच्याच हातानं निघाले होते, तुमच्याकडंच आले असतील.

वामनराव : मोतीराम, असं बोलू नको.

मोतीराम : काऊन? पोट दुखत नाही ना तुमचं? रात्री जेवण पचते ना? डाव्या कुशीवर झोपलं की काही टोचल्यासारखं होते काय?

वामनराव : कदी कदी होते.

मोतीराम : होणारच. बरगडीखाली पाहू आधी. शर्ट काढा.

वामनराव : नाही, मी नाही झोपत त्याच्यावर. मोतीरामजी, ऐका. मी हात जोडतो. झालं ते झालं. तुमच्या मायले घेऊन या. जीपगाडी मी पाठवतो. लुगडं नेसवतो, ओटी भरतो, काय म्हणन ते करतो. तिनं फक्त हिच्या पोटावरून हात फिरवाचा आन् आपले दात वापस घ्याचे.

मोतीराम : आणि ऑपरेशन?

वामनराव : आपरेशननं भानामती निंघते काय कदी? डॉक्टर एक काढन, विठी दुसरी घालन. ज्यानं घातलं त्यानंच काढाचं असते. मी हिले आताच घेऊन जातो. आन् तुमची माय नाही आली तर मंग गाव आणन तिले. मावला काय लय दूर नाही.

मोतीराम : पुन्हा बोला.

वामनराव : धमकी नाही देऊन राह्यलो जी. पण आता तर तुमीच दाखवलं. तुमीच कबूल झाले. पंधरा वर्सं आमाले लोकं नावं ठेवत होते, तुमच्या त्या शाळामास्तरानं तर पेपरात छापून आणलं होतं, निर्दोष बाईचे दात काढले म्हून. आता मी सांगतो ना सगळ्यायले. विठीच्याच पोरानं मशीनीत दाखवले, सांगतो.

मोतीराम : बसा.

वामनराव : नाही, मी निंघतो.

मोतीराम : बसा म्हणतो. मी चुकलो. पाच मिनिटं मला लय बरं वाटलं, वामनराव. तुम्हाला हात जोडताना पाहिलं. पंधरा वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. आणि त्या पाच मिनिटांपायी मी माझ्याच मायला भानामतीवाली करून बसलो. तुमच्या पंचांना जो पुरावा कधी मिळाला नाही, तो मी देत होतो. आता खरं ऐका.

वामनराव : खरं मी पाह्यलं.

मोतीराम : हे दात तुमच्या बायकोचे आहेत. तिचे स्वतःचे. काही बायांना अशी गाठ असते, आईच्या पोटातूनच घेऊन येतात. अंडाशयात असते. तिच्यात केस होतात, चरबी होते, दात होतात. का होतात ते डॉक्टर तुम्हाला नीट सांगतील. हैदराबादला मी अशा दोन पाहिल्या. एक कॉलेजातली पोरगी होती, तिच्यात आठ दात होते. तिच्या गावात कोणी कोणाचे काढले नव्हते.

वामनराव : पोटात दात उगवतेत? मले शिकवतं तू?

मोतीराम : ही गाठ तुमच्या लग्नाच्या दिवशी तिच्या पोटात होती. माझ्या मायनं तुमच्या घराचा उंबरा पाहिला नव्हता तेव्हापासून होती. पहिल्या वर्षी पोट दुखलं ते हिच्यानंच. ती थोडी फिरली असेल, पुन्हा सरळ झाली असेल. तुम्हाला वाटलं, दात काढले आणि गुण आला.

वामनराव : आलाच होता गुण. तिसऱ्या दिवशी उठून बसली होती.

मोतीराम : उठली असती तशीही.

वामनराव : नाही. तू घडीघडी बोलणं बदलतं. आत्ता म्हणत होता माह्या बरगडीत हायत, आता म्हणतं तिचेच हायत. मी काय खुळा हाय? भानामतीच हाय हे.

मोतीराम : तुम्हाला भानामतीच पाहिजे. ती नसली तर मग पकड घेऊन तुम्ही काय करत होता तिथं, हे तुम्हालाच सांगावं लागेल.

वामनराव : तोंड सांभाळ.

रेणुकाबाई : मले पाहू द्या.

वामनराव : तू काऊन उठली? पडून राहाय तिकडं.

रेणुकाबाई : दार उघडं हाय. सगळं आयकू आलं. सरका जराक.

मोतीराम : बाई, उभं राहू नका. या खुर्चीवर बसा. वाकून बसलात तरी चालेल.

रेणुकाबाई : हे मी हाय?

मोतीराम : हो.

रेणुकाबाई : ते कसं फिरवून राह्यले तुमी?

मोतीराम : यावर हात ठेवा. हळूच सरकवा. तिकडं सरकवलं की तिकडं फिरते.

रेणुकाबाई : फिरलं. हे दात. हे माह्येच?

मोतीराम : तुमचेच. जन्मापासून.

रेणुकाबाई : आन् दुसऱ्या कोणी घातले नाही.

मोतीराम : कोणाला घालता येत नाहीत.

रेणुकाबाई : म्हणजे विठाबाई नव्हती.

मोतीराम : नव्हती.

वामनराव : याच्या मायचा कैवार घेऊन बोलून राह्यला तो. तू याचं काय आयकतं?

रेणुकाबाई : यायचं कायले आयकाचं? मले आधीच मालूम होतं.

वामनराव : काय मालूम होतं?

रेणुकाबाई : विठाबाईनं काई केलं नाही म्हून.

मोतीराम : काय म्हणालात?

रेणुकाबाई : मले बोलू द्या, कळ आली की बोलता येत नाही. भगत विळा तापवून डाग देत होता. म्हणे नाव सांग. यायनं माहे पाय धरले होते, सासूनं हात. एक डाग, दोन डाग, मी म्हटलं मले मालूम नाही. तिसऱ्याले बी तेच म्हटलं. चौथ्याले जे नाव तोंडात आलं ते घेतलं.

मोतीराम : माझ्या मायचंच काऊन?

रेणुकाबाई : तीन दिवसाची उपाशी होती मी. घरात कोणी पाणी बी देत नव्हतं, भगताची मनाई होती. विठाबाई गोठ्यात शेण काढाले येत होती. तिनं पदराखालून अंबील आणली, गोठ्याच्या खिडकीतून देल्ली. तिच्या हातचं आमाले चालत नव्हतं. तरी पेली मी, चोरून. जीव तेवढ्यात अटकला होता, हे कोणाले समजलं तर. म्हून तेच नाव आलं तोंडात.

वामनराव : तू तिच्या हातची अंबील पेली?

रेणुकाबाई : पाहा, यायले त्याचंच लागलं.

मोतीराम : पंधरा वर्षं मी यांच्या एकट्याच्या नावानं दात खाल्ले. तुमचा राग करावा, हे कधी सुचलंच नाही. तुम्ही आजारी होत्या.

रेणुकाबाई : आता करा. करा, मी नाही म्हणत नाही. तिले पारावर नेली तवा मी दरवाज्यात उभी होती. एक शब्द बोलली असती तरी पुरे होता. पण मंग पाचवा डाग होता, आन् मले तो नको होता.

मोतीराम : तुम्हाला काय वाटतं, हे सांगून तुमची सुटका झाली?

रेणुकाबाई : नाही. कागद कोठी हाय तो? सही पाह्यजे म्हणत होते.

वामनराव : मी सही देत नाही. घरी चालाचं.

रेणुकाबाई : तुमची नाही मागत. मी सातवी शिकली. माह्या पोटाले माही सही चालन काय, भाऊ?

मोतीराम : खरं म्हणजे तुमचीच पाहिजे. आम्हीच नवऱ्याची मागत बसतो. इथं करा. आणि मला भाऊ म्हणू नका.

रेणुकाबाई : बरं.

वामनराव : रेणुका, ही सही केली तर माह्या घरात पाय ठेवू नको.

रेणुकाबाई : पाय तर आधी उचलू द्या. हे झाली सही. दिसते ना हे अक्षर?

मोतीराम : दिसते.

रेणुकाबाई : विठाबाई हाय ना अजून?

मोतीराम : आहे. माझ्याजवळ राहते.

रेणुकाबाई : बरी झाली की येतो मी. तिचे पाय धरतो.

मोतीराम : येऊ नका.

रेणुकाबाई : एक डाव.

मोतीराम : नाही म्हटलं ना. तुम्ही याल, रडाल, मोकळ्या व्हाल. माय तुम्हाला चहा करून देईल, ती तशीच आहे. मला ते पाहायचं नाही. तिचे दात घरात नव्हते काढले, पारावर काढले, चार वाजता, सगळं गाव उभं होतं. जे सांगायचं ते तिथं सांगा. अंबिलीसकट. कोणी हात धरले, कोणी पाय धरले, पकड कोणाची होती, सगळं. डॉक्टर गाठ काढली की बाटलीत घालून नातेवाइकांना दाखवतात. मी सांगून ठेवतो, ती बाटली तुमच्या हातात द्यायची.

वामनराव : असं काई सांगणार नाही ते. मी सांगू देत नाही.

मोतीराम : तुम्ही बाहेर बसा, वामनराव. तुमचं काम झालं.

रेणुकाबाई : सगळ्यायच्या समोर सांगावं लागन?

मोतीराम : सगळ्यांच्या. आणि ज्यांना ऐकू आलं नाही म्हणतील, त्यांना परत. पडून घ्या आता, मी स्ट्रेचर बोलावतो.

रेणुकाबाई : आन् आज टेबलावरच मेली मी तर?

मोतीराम : मरू नका. तुम्हाला गावात जायचं आहे.